दुसऱ्या अंकातला बाप

पालमच्या बसस्टँडवर मी बाकड्यावर टेकलो की आधीपासून बसलेली माणसं अंग चोरून पलीकडं सरकतात. एसटीत चढलो तर कुणीतरी उठून जागा देतं, आणि मग गंगाखेड येईपर्यंत माझ्या शेजारी कुणी बसत नाही. मी पुढारी नाही, सावकार नाही, पोलिसात तर मुळीच नव्हतो. दिवसा शिंपीकाम करतो, आणि तीस-बत्तीस वर्षं जत्रांमधल्या ऐतिहासिक नाटकात बाप झालो. तोही कडक. जिल्ह्यात मला नावानं ओळखणारे थोडे. बाकीचे ‘किल्लेदार’ म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली घेतात.

बाप होणं हा काय धंदा, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आमच्याकडं गावोगावी जत्रेला नाटक बसतं. गावातल्या प्रत्येकाला त्यात सेनापती व्हायचं असतं, नाहीतर विनोदी हवालदार. बायांची कामं करायला परभणी-नांदेडहून नट्या येतात. अडतं ते बापापाशी. वयाचा प्रश्न नसतो, पांढरी दाढी चिकटवली की भागतं. प्रश्न असतो नात्याचा. एका गावी तिथल्या सुतारांना बापाचं काम दिलं, आणि मुलाचं काम ज्याला दिलं तो वयानं वीस वर्षांनी लहान, पण नात्यानं त्यांचा चुलता. तालमीत सुतारांनी हात जोडले आणि म्हणाले, “काका, आपण गड सोडून चालतं व्हावं.” अख्खी तालीम हसून आडवी झाली. म्हणून कडक बाप बाहेरून आणावा लागतो. गावात ज्याचं कुणाशी काही नातं नाही, असा माणूस लागतो. मी तसा होतो. पुढं पुढं तर कुठल्याच गावात माझं कुणाशी नातं राहिलं नाही.

नाटक आमच्याच भागातल्या एका शाळामास्तरांनी वहीत लिहिलेलं. ते छापलं कधीच गेलं नाही, वही मात्र अजून माझ्याकडं आहे. गोष्ट साधी. किल्लेदाराचा मुलगा चोरदरवाज्यावर पहाऱ्याला असतो. आई शेवटच्या घटका मोजतेय असा निरोप येतो, तो पहारा सोडून धावतो, तेवढ्यात शत्रू आत घुसतो. दुसऱ्या अंकात किल्लेदार भर दरबारात निवाडा देतो. “गडाला किल्लेदार आहे. किल्लेदाराला मुलगा नाही. या दरवाज्यातून बाहेर पड, आणि मागं वळून पाहू नकोस.” मुलगा तलवार बापाच्या पायाशी ठेवतो आणि निघून जातो. तिसऱ्या अंकात तो गडासाठी लढताना मरतो, आणि बाप आपली पगडी काढून त्याच्या डोक्याखाली ठेवतो. मास्तर तालमीत सांगायचे, दुसऱ्या अंकात दगड झालास तरच तिसऱ्यात फुटता येईल, नाहीतर फुटणार काय?

माझ्या दगडपणाचं कौतुक सगळीकडं व्हायचं. त्याचं गुपित आता सांगून टाकायला हरकत नाही. सुरुवातीच्या वर्षांत ताडकळसला स्टेज केलं होतं ते ड्रमांवर फळ्या टाकून. मी पाऊल उचललं की फळी करकर वाजायची, आणि लोक फिदीफिदी हसायचे. घाबरून मी जागचा हललोच नाही. हात पाठीमागं बांधले, मान वळवली नाही, आवाज चढवला तर फळी हलेल म्हणून तोही खालीच ठेवला. दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा, काय बाप होता, डोळ्याची पापणी हलली नाही. तेव्हापासून मी तीच रीत धरली. दरडावायला ओरडावं लागत नाही. पाय रोवून उभं राहायचं, आणि समोरच्याला आपल्या बोलण्याची वाट बघायला लावायची. माझ्यानंतर या कामाला दोघेतिघे उभे राहिले. सगळे ओरडतात.

यातूनच माझा जोडधंदा निघाला. त्याला धंदा म्हणायचं ते सवयीनं, मी जेवणाशिवाय कधी काही घेतलं नाही. नाटक झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी आपला पोरगा दंडाला धरून माझ्यासमोर उभा करायचं. “किल्लेदार, ह्याला जरा सुनवा. आमचं ऐकायला न्हाई.” कुणी शाळा सोडलेली, कुणी पत्त्याच्या नादी लागलेला. मी मागं हात बांधून उभा राहायचो आणि दोन-चार वाक्यं टाकायचो. बहुतेक वाक्यं नाटकातलीच. ताडकळसच्या एका बाईनं नवऱ्याला आणलं. चांगला मिशा पिकलेला माणूस. बाई म्हणाली, “बोलू काई नका. नुस्तं बगा त्याच्याकडं.” मी बघितलं. त्या माणसानं तंबाखूची पुडी खिशातून काढून माझ्या हातावर ठेवली. ती मला खावी लागली नाही, पण घरी न्यावी लागली. एका पोरानं मी झापत असताना सगळं मोबाईलवर टिपून घेतलं. पुढं कित्येक महिने त्याला फोन आला की खिशातून माझा आवाज यायचा, “गडाला किल्लेदार आहे.”

हे सगळं मला आवडायचं. लपवण्यात अर्थ नाही. बायको लग्नानंतर सहाव्या वर्षी गेली, मूलबाळ नाही, आणि पुन्हा संसार मांडायचं राहून गेलं. ज्याला ‘अरे’ म्हणावं, असं माणूस माझ्या घरात नव्हतं. तेव्हा गावोगावी माझी पोरं होती, असं मी मनाशी म्हणायचो. फक्त झापणं झालं की बापलेक एकाच मोटारसायकलवर बसून घरी जायचे आणि मी पत्र्याची पेटी घेऊन फाट्यावर बसची वाट बघायचो. तिसरा अंक ते घरी जाऊन करत असणार. मला त्याला कुणी बोलावलं नाही.

आता खंडूचं सांगतो. तेच सांगायला बसलोय, बाकीचं सगळं वाटेवरचं होतं.

अकरा वर्षांपूर्वी राणीसावरगावला नाटक होतं. तालमीसाठी मी आठवडाभर आधी गेलो होतो. तालमीला रोज एक मेंढपाळाचा पोरगा येऊन बसायचा. एकोणीस-वीस वर्षांचा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तो कुणाशी बोलत नसे. माझं वाक्य आलं की त्याचेही ओठ हलायचे. मला ते दिसत होतं आणि सुखवत होतं. शेवटच्या दोन रंगीत तालमी आणि नाटक, तिन्ही वेळा तो पहिल्या रांगेत होता.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या हौदापाशी खोबरेल तेल लावून दाढीचा डिंक सोडवत बसलो होतो. एक बाजू निघाली होती, दुसरी गालावर होती. तेवढ्यात पाच-पन्नास माणसं आली. पुढं पागोटं घातलेला एक काळासावळा माणूस, मारोती त्याचं नाव. मागं तोच पोरगा, त्याचा मुलगा खंडू, मान खाली. पोरानं नाटकासाठी मेंढरं रानात तशीच सोडली होती. मेंढरांभोवतीचं जाळं नीट लावलं नव्हतं, कुत्री आत शिरली आणि सात कोकरं गेली.

मारोती माझ्यासमोर उभा राहिला आणि डोक्यावरचं पागोटं सारखं केलं. मग म्हणाला, “सायेब, मला बोलता येत न्हाई. मेंढरासंगं ऱ्हाऊन ऱ्हाऊन मानसासंगं बोलायचं इसरलोय. तुमी बोला ह्याला. तुमचं ऐकतंय ते.”

मी तोंड धुऊन नाही म्हणायला हवं होतं. निदान दाढी तरी पुरी काढायला हवी होती. पण समोर बघा काय होतं. पहारा सोडून गेलेला पोरगा, बाप, भोवती जमलेला दरबार. मास्तरांनी वहीत लिहिलेलं वाक्य त्या प्रसंगावर मापात शिवल्यासारखं बसत होतं, आणि मी शिंपी आहे. मी उठलो, हात मागं बांधले. अर्धी दाढी गालावर तशीच. पोरानं मान वर केली तेव्हा मी सगळं म्हणालो. एक शब्द सोडला नाही. “बाहेर पड, आणि मागं वळून पाहू नकोस.”

गर्दीत कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग चार-सहा टाळ्या पडल्या. मी त्या थांबेपर्यंत तसाच उभा राहिलो. नटाला टाळी खायची सवय असते.

खंडूनं काठी आणि घोंगडी मारोतीच्या पायाशी ठेवली. नाटकातला मुलगा तलवार ठेवतो तशी. लोक हसले, पोरगंही काय बेणं आहे म्हणाले. तो वळला आणि फाट्याच्या दिशेनं चालत गेला. गंगाखेडच्या गाडीत चढला असं नंतर कळलं. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. भूक लागली की येईल, असं मीच मारोतीला म्हणालो आणि उरलेली दाढी सोडवायला बसलो.

तो आला नाही. त्या दिवाळीच्या तोंडावर मारोती पालमला माझ्या दुकानात आला. मी मशीनवर होतो. तो स्टूल ओढून माझ्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसला. माझ्या इतक्या जवळ कुणी बसून मला वर्षं झाली होती. मला वाटलं, आता हा बोलेल, शिव्या देईल, गचांडी धरेल. तो म्हणाला, “काई कळलं का पोराचं?”

मी म्हणालो, “मला कसं कळणार?”

“तुमी धाडलाव ना त्याला,” तो म्हणाला. “तुमालाच ठावं असंल म्हनलं.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच सोसत नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की इतक्या मोठ्या माणसानं पोराला कुठंतरी पाठवलंय तर पत्ता ठेवला असेल. मी चहा मागवला. आम्ही चहा प्यालो आणि तो बसनं परत गेला. पुढच्या वर्षी दिवाळीआधी पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही वर्षी. तोच प्रश्न, तोच चहा. मी माझ्या परीनं चौकशी केली. ऊसतोडीला जाणाऱ्यांना विचारलं, पुण्याकडं कामाला असलेल्या पोरांना विचारलं. काही हाती लागलं नाही.

मारोती पहिल्यांदा दुकानात आला त्या दिवसापासून लोकांना झापायचं काम मी बंद केलं. नाटक मात्र काही वर्षं रेटलं. पुढं एका जत्रेत निवाड्याचं वाक्य म्हणताना माझा पाय आपोआप मुलाच्या दिशेनं उचलला गेला. फळी करकरली आणि लोक हसले. त्यांचं चुकलं नाही. ज्याचा पाय हलतो तो किल्लेदार कसला? त्या वर्षी दाढ्या आणि पगडी पेटीत घातली आणि पेटी माळ्यावर टाकली.

यंदा उन्हाळ्यात मारोतीचा निरोप आला, राणीसावरगावला या. त्याच्या पुतणीनं खंडूचा नंबर कुठूनतरी मिळवला होता. खंडू पुण्याकडच्या एका गोदामात कामाला आहे, लग्न केलंय, एवढं तिला कळलं होतं. मी बसमध्ये बसलो. शेजारची जागा नेहमीप्रमाणं रिकामी. गंगाखेडपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. सोबत वही घेतली होती. तिसरा अंक उलटासुलटा वाचला. तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं की त्यात किल्लेदाराची जेवढी म्हणून मायेची वाक्यं आहेत, ती सगळी मेलेल्या मुलाशी आहेत. जिवंत पोराला परत बोलवायचं कसं, हे मास्तरांनी लिहिलंच नव्हतं, आणि मला स्वतःचं सुचत नव्हतं.

मारोती खूप थकला होता. बाभळीखाली बाजेवर बसला होता. त्यानं बटणाचा फोन आणि चिठ्ठी माझ्यापुढं धरली. “तुमीच काडलाव त्याला, तुमीच बोलवा,” म्हणाला. “माज्यानं न्हाई व्हायचं.”

मी नंबर लावला. मारोती माझ्या तोंडाकडं बघत बसला. पलीकडून आवाज आला तेव्हा मी म्हणालो, “खंडू, मी पालमहून...”

“किल्लेदार ना?” तो म्हणाला. “आवाज वळखला की.”

मग मी घाईघाईनं बोललो. म्हणालो, त्या दिवशी मी जे बोललो ते माझं नव्हतं. नाटकातलं होतं, दुसऱ्यानं लिहिलेलं. माझी चूक झाली. तू ते मनावर घेतलंस.

“म्हाईत हाय की नाटकातलं व्हतं ते,” तो म्हणाला. “तीनदा बगितलं व्हतं मी. तुमी तोंड उगडायच्या आदीच मला कळलं व्हतं कोन्तं वाक्य येनार ते. तुमच्या बोलन्याचं मला काईच वाटलं न्हाई, किल्लेदार.”

“मंग गेलास कामून?” माझ्याही तोंडून गावचंच निघालं.

“मी तुमच्याकडं बगतच नव्हतो. बापाकडं बगायलतो. म्हनलं, आता तरी बोलंल. मारलं असतं तरी चाललं असतं. परक्या मानसाला पुडं केलं अन् सोता गप बसला. म्हनलं, आपल्यासाटी ह्याच्यापाशी दोन शब्द बी न्हाईत.”

अकरा वर्षं मी एका वाक्याचं ओझं वाहिलं, आणि ज्याला ते म्हटलं होतं त्यानं ते ऐकून सोडून दिलं होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. खरं सांगतो, आधी राग आला. माझा निवाडा ऐकून पोरगा देशोधडीला लागला, या गोष्टीत दुःख होतं तसा थोडा मानही होता, आणि तो मान त्यानं दोन वाक्यांत काढून घेतला. मग मारोतीच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं आणि राग जिरला.

“काय म्हन्तंय?” मारोतीनं विचारलं.

सांगता आलं असतं. चांगल्या शब्दांत, दुखणार नाही असं घोळवून सांगता आलं असतं, तेवढी कला माझ्याकडं आहे. पण मग पुन्हा त्या दोघांच्या मधे मीच उभा राहिलो असतो. मी फोन त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, “तुमीच बोला.”

“मला येत न्हाई सायेब. तुमाला म्हाईत हाय.”

“मलाही येत नाही,” मी म्हणालो. “माझं होतं ते सगळं बोलून झालं.”

त्यानं फोन उलटा धरला होता. मी तो सरळ करून त्याच्या कानाला लावला आणि जाळ्याच्या पलीकडं, ऐकू येऊ नये इतक्या लांब, जाऊन उभा राहिलो. तरी वारा माझ्या दिशेनं होता. बराच वेळ मारोतीचा आवाज आला नाही. मला वाटलं, फोन कट झाला असेल. मी परत जायला एक पाऊल टाकलंही.

“काळ्या कानाची व्यायली,” मारोती म्हणाला.

पलीकडून काही विचारलं असावं.

“दोन झाले. एक लयच पळतंय. तुज्यावानी. धरावं म्हनलं तर सापडायला न्हाई.”

मग तो पाण्याचं बोलला, चाऱ्याचं बोलला, कोणतं कुत्रं मेलं आणि कोणतं नवीन पाळलं ते बोलला. ये असं म्हणाला नाही, चुकलं असं म्हणाला नाही. पण थांबतही नव्हता. त्याच्याजवळ इतकं बोलणं साठलेलं होतं हे त्याला तरी ठाऊक होतं की नाही कुणास ठाऊक. मी अर्धा तास उन्हात उभा होतो. शेवटी बसची वेळ झाली तेव्हा वही पिशवीत घातली आणि निघालो. फाट्याच्या वळणावर मागं वळून पाहिलं. मारोती बाजेवर आडवा झाला होता, फोन कानाशी, एक पाय दुसऱ्यावर टाकलेला. मी गेल्याचं त्याच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं.

श्रावणात खंडू बायकोला घेऊन आला आणि आठ दिवस राहिला. हे मला पालमच्या बाजारात एका ओळखीच्या बाईनं सांगितलं. निरोप मला कुणी पाठवला नाही, आणि पाठवायचं काही कारणही नव्हतं. ऐकून बरं वाटलं. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि घरी जाऊन नुसता बसून राहिलो.

आता दिवाळी जवळ आलीय. दुकानात कपड्यांचे गठ्ठे पडलेत, मान वर करायला फुरसत नाही. गिऱ्हाईक येतं, दारातूनच माप देतं आणि किल्लेदाराला नमस्कार करून निघून जातं. अकरा वर्षं याच दिवसांत मारोती यायचा, स्टूल ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसायचा आणि एकच प्रश्न विचारायचा. यंदा तो येणार नाही. त्याला माझ्याकडून आता काही कळून घ्यायचं राहिलेलं नाही. परवा सवयीनं दोन चहा सांगितले, आणि दोन्ही मीच प्यालो.